सरळ शिवण

(शिवणयंत्र पुष्कळ घरांत असते, परंतु त्यावर सरळ आणि सारखी शिवण घालणे सर्वांनाच जमते असे नाही. शिवण वाकडी का होते, ती सरळ कशी घालावी आणि सरळ शिवणीची गरज का असते, हे लेखिकेने या पाठात स्वतःच्या अनुभवाच्या आधारे समजावून सांगितले आहे.)

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. धाकट्या भावासाठी सदरा शिवायचा होता. आईने घरखर्चातून थोडे थोडे पैसे बाजूला ठेवून पांढरे सुती कापड आणले होते. कापड अगदी मापाचे होते. चुकले तर पुन्हा आणणे शक्य नव्हते. आमच्या शेजारी खाला राहत. त्यांच्याकडे पायाने चालवायचे काळे शिवणयंत्र होते. चाळीतल्या निम्म्या घरांचे कपडे त्या शिवत. त्यांनी मापे घेऊन कापड कापून दिले. "खाला, शिवण मी घालते," असे मी मोठ्या ऐटीत म्हटले. त्यांना यंत्र चालवताना मी रोज पाहत होते. त्यात अवघड ते काय, असे मला वाटले.

संध्याकाळी सदरा तयार झाला. भावाने तो अंगात घातला आणि हात वर केले. सदरा छातीला असा आवळला की त्याला हात नीट हलवता येईनात. कमरेजवळ तर शिवणीपाशी कापडाचे धागे सुटले आणि बोट जाईल एवढे भोक पडले. आई काहीच बोलली नाही. तिने फक्त सदऱ्याची घडी घातली. तिचे ते गप्प राहणेच मला जास्त लागले.

मी सदरा घेऊन खालांकडे गेले. त्यांनी तो उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "बेटा, रडू नको. कापड बिघडलेलं नाही, शिवण भरकटली आहे. आपण माया ठेवली आहे ना?"

माया म्हणजे ममता, एवढेच मला ठाऊक होते. शिवणकामात या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, हे त्या दिवशी कळले. कापड कापताना अंगाच्या मापापेक्षा कडेला थोडी जास्त जागा ठेवतात. शिवण या जागेच्या आतल्या रेषेवर घालायची असते. शिवणीच्या बाहेर जी पट्टी उरते, तिला माया म्हणतात. ही पट्टी कपड्याच्या आत लपलेली असते. ती कोणाला दिसत नाही. पण तिच्यामुळेच शिवण टिकते.

खालांनी पट्टीने मोजून दाखवले. त्यांनी १.५ सेंटिमीटर माया ठेवली होती. छातीजवळ माझी शिवण काठापासून २.५ सेंटिमीटर आत गेली होती. फरक एक सेंटिमीटरचा होता. "एवढ्याशानं सदरा इतका घट्ट कसा होईल?" मी विचारले. त्या म्हणाल्या, "हिशेब कर. एका शिवणीत पुढचा भाग आणि मागचा भाग, असे दोन भाग सापडतात. बाजूच्या शिवणी दोन. म्हणजे किती?" मी बोटे मोजली. दोन शिवणी, प्रत्येकीत दोन भाग आणि प्रत्येक भागातून एक सेंटिमीटर कमी. म्हणजे छातीचा घेर चार सेंटिमीटरने कमी झाला होता. कमरेजवळ याच्या उलट घडले होते. तिथे शिवण काठापासून जेमतेम दोन-तीन मिलिमीटरवर होती. ताण पडताच काठाचे धागे टाक्यांतून निसटले होते.

म्हणजे सरळ शिवण ही केवळ शोभेची गोष्ट नाही. शिवण आत गेली तर कपडा घट्ट होतो आणि बाहेर गेली तर तो उसवतो. शिवण सर्व ठिकाणी काठापासून सारख्या अंतरावर असली, तरच घेतलेले माप खरे ठरते.

आता शिवण वाकडी का होते ते पाहू. त्यासाठी आधी यंत्र कसे चालते ते समजून घेतले पाहिजे. हाताने शिवताना आपण एकच दोरा वापरतो. यंत्र मात्र दोन दोऱ्यांनी शिवते. एक दोरा वरून सुईतून येतो. दुसरा खाली बॉबिनवर गुंडाळलेला असतो. हाताच्या सुईला छिद्र मागच्या टोकाला असते, तर यंत्राच्या सुईला ते अणकुचीदार टोकाजवळ असते. ही सुई कापडातून खाली जाते आणि किंचित वर येऊ लागते, तेव्हा दोऱ्याचा लहानसा फास तयार होतो. खालचा भाग तो फास पकडतो आणि खालच्या दोऱ्याभोवती फिरवतो. मग सुई वर जाते, दोरा ताणला जातो आणि दोन्ही दोऱ्यांची अढी कापडाच्या मध्ये बसते. असा एक टाका पूर्ण होतो.

टोकाजवळ छिद्र असलेली सुई आणि खालचा दोरा नेणारा धोटा असलेल्या यंत्राचे पेटंट अमेरिकेतील एलायस हाउ यांना १८४६ साली मिळाले. मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजी येथील मुलांनी मागावर धावणारा धोटा पाहिला असेल. तीच युक्ती इथे लहान रूपात आली. पुढे १८५१ साली आयझॅक सिंगर यांनी आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यांच्या यंत्रात सुई सरळ खालीवर होत असे आणि कापड दाबून धरण्याची सोयही होती. यंत्रांच्या हव्यासाला विरोध करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली एका संभाषणात शिवणयंत्राला अपवाद मानले होते.

सुईभोवती कापडावर टेकणारा जो धातूचा लहान पाय असतो, त्याला आपण दाबाचा पाय म्हणू. त्याच्या खाली, यंत्राच्या पत्र्यातील फटींमधून करवतीसारखे दाते वर आलेले दिसतात. सुई कापडाबाहेर असते तेव्हा हे दाते वर येतात, कापड एका टाक्याएवढे पलीकडे सरकवतात, खाली जातात आणि परत जागेवर येतात. दर टाक्याला हे असेच घडते. म्हणजे कापड पुढे नेण्याचे काम यंत्राचेच आहे. ते आपले नव्हे.

नेमके इथेच मी चुकले होते. शिवण लवकर संपावी म्हणून मी सुईमागून कापड ओढत होते. त्यामुळे टाके कुठे लांब तर कुठे आखूड पडले. कापड ओढले की सुई वाकते. वाकलेली सुई रेषेवर पडत नाही आणि कधी कधी पत्र्यावर आपटून मोडते. माझी दुसरी चूक नजरेची होती. खालीवर होणाऱ्या सुईकडे मी टक लावून पाहत होते. सुईकडे पाहून कापडाची दिशा कळत नाही. कापड भरकटले हे ध्यानात येईपर्यंत पाच-सहा टाके वाकडे पडून जातात.

"सुईकडे नको, काठाकडे बघ," खाला म्हणाल्या. त्यांनी सुईपासून उजवीकडे १.५ सेंटिमीटर अंतर मोजले आणि तिथे यंत्राच्या सपाट भागावर चिकटपट्टीचा तुकडा लावला. तुकड्याची डावी कड दाबाच्या पायाला समांतर ठेवली. "कापडाचा काठ या कडेला लागून चालला पाहिजे. मग सुई आपोआप तिच्या जागी पडेल." सरळ शिवणीचे सगळे रहस्य या एका वाक्यात आहे. रस्त्याने सायकल चालवताना आपण पुढच्या चाकाकडे पाहत नाही, रस्त्याकडे पाहतो. तसेच हे आहे.

त्यांनी त्या दिवशी मला सदऱ्याला हात लावू दिला नाही. आधी पायाचा सराव झाला. हाताच्या चाकाच्या मध्यभागी एक गोल स्क्रू असतो. तो सैल केला की चाक फिरते, पण सुई हलत नाही. मग दोन्ही पावले पायडलवर ठेवायची, एक थोडे पुढे आणि एक मागे. हाताचे चाक स्वतःच्या दिशेने फिरवून यंत्र सुरू करायचे आणि पायांनी तीच गती चालू ठेवायची. सुरुवातीला चाक उलटे फिरते. शिवताना तसे झाले तर दोरा गुंततो किंवा तुटतो. म्हणून चाक सुरू करणे, सावकाश चालवणे आणि हवे तिथे थांबवणे, एवढेच मी अर्धा तास करीत होते. विजेच्या यंत्रातही हाच नियम आहे. पायाचा दाब हलका ठेवावा आणि गती एकसारखी ठेवावी. वेग वाढला की हात मागे पडतात.

त्यानंतर कागदाचा सराव झाला. वहीचे रेघा असलेले पान घ्यायचे, सुईत दोरा न ओवता ते दाबाच्या पायाखाली ठेवायचे आणि रेघेवरून यंत्र चालवायचे. पान उजेडात धरले की छिद्रांची ओळ दिसते. ती रेघ सोडून कुठे गेली, हे लगेच कळते. कागदाने सुई बोथट होते, म्हणून या सरावासाठी जुनी सुई वापरावी. माझे पहिले पान पाहून खाला हसल्या. "ही शिवण आहे की मुंगीची वाट?" सातवे पान मात्र त्यांनी भिंतीवर टाचून ठेवले.

तिसऱ्या दिवशी आम्ही यंत्रात दोरा भरला. दोरा भरताना दाबाचा पाय वर उचललेला असावा. त्या वेळी दोरा ताणून धरणाऱ्या चकत्या सैल असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये नीट बसतो. सुईच्या एका बाजूला वरपासून छिद्रापर्यंत लांब खाच असते. दोरा त्या बाजूने ओवायचा असतो. साध्या सुती कापडाला १४ नंबरची सुई चालते. पातळ कापडाला ११ आणि जाड कापडाला १६ नंबरची सुई घेतात. टाक्याची लांबी सुती कापडासाठी साधारण २.५ मिलिमीटर ठेवावी. मग एका इंचात सुमारे दहा टाके पडतात.

दोन्ही दोऱ्यांचा ताण सारखा हवा. तो तपासण्यासाठी खालांनी वर लाल आणि खाली निळा दोरा घातला. कापडाच्या चिंधीवर शिवण घातली. वरून फक्त लाल आणि खालून फक्त निळे टाके दिसले, तर ताण बरोबर आहे असे समजावे. वरच्या बाजूला निळे ठिपके दिसले तर वरचा दोरा फार ताणलेला आहे. खाली लाल दोऱ्याचे फास लोंबू लागले तर वरचा ताण कमी आहे किंवा दोरा चकत्यांमध्ये बसलेलाच नाही. दर वेळी नव्या कपड्याला हात घालण्यापूर्वी त्याच कापडाच्या चिंधीवर अशी परीक्षा घ्यावी.

आता प्रत्यक्ष शिवणीकडे वळू. कापडाचे दोन्ही पदर काठाला काठ लावून ठेवावेत. दाते खालचा पदर ओढतात आणि दाबाचा पाय वरच्या पदराला अडवतो. त्यामुळे वरचा पदर हळूहळू मागे राहतो आणि शेवटी लांब उरतो. असे होऊ नये म्हणून आधी हाताने कच्चे टाके घालावेत किंवा काठाशी आडव्या टाचण्या लावाव्यात. टाचणी सुईजवळ येताच काढून घ्यावी. टाचणीवर सुई पडली तर ती मोडून डोळ्याकडे उडू शकते.

दोन्ही दोऱ्यांची टोके बोटभर लांब ठेवून दाबाच्या पायाखालून मागे घ्यावीत. दोरा ओढणारा दांडा सर्वांत वर असताना शिवण सुरू करावी. नाही तर पहिल्याच टाक्याला दोरा सुईतून निसटतो. डावा तळहात कापडावर सपाट ठेवावा आणि उजव्या हाताच्या बोटांनी काठ चिकटपट्टीच्या कडेला लागून चालू द्यावा. दोन्ही हात हलके असावेत. ते वाट दाखवतात, ओढत नाहीत. कोपरा आला की सुई कापडात रुतलेली असू द्यावी, दाबाचा पाय उचलावा, कापड वळवावे आणि पाय पुन्हा खाली टाकावा. मध्येच थांबायचे असेल तरीही सुई कापडातच ठेवावी. म्हणजे कापड जागेवरून हलत नाही. शिवणीच्या दोन्ही टोकांना तीन-चार उलटे टाके घालून ती पक्की करावी. ज्या यंत्राला उलटे शिवता येत नाही, त्यावर कापड फिरवून त्याच रेषेवर परत यावे किंवा दोऱ्यांना गाठ मारावी.

शिवण घालून झाली की दर दहा सेंटिमीटरवर पट्टीने माया मोजावी. चूक दिसली तर तेवढाच भाग उसवून पुन्हा शिवावा. उसवण्यात कमीपणा नाही. खाला म्हणत, "जो उसवायला लाजतो, त्याचा कपडा चारचौघांत उसवतो." शेवटी शिवण उलट्या बाजूने उघडून इस्त्री करावी. इस्त्रीने टाके कापडात नीट बसतात.

काही गोष्टी मात्र नेहमी पाळाव्यात. मोकळे केस बांधावेत. ओढणी खांद्यावर घट्ट लावून घ्यावी, नाही तर ती चाकात अडकते. बोटे सुईपासून दूर ठेवावीत. कापड नसताना दाबाचा पाय खाली टाकून यंत्र चालवू नये. त्याने दाते झिजतात. तेल घातल्यावर आधी चिंधीवर शिवावे, म्हणजे कपड्याला डाग लागत नाहीत.

चौथ्या दिवशी मी सदऱ्याच्या बाजूच्या शिवणी उसवल्या. एकेक टाका कापून काढायला सबंध दुपार लागली. कमरेजवळच्या सुटलेल्या काठाला खालांनी हाताने टाके घालून दिले. मग मी चिकटपट्टीच्या कडेवर नजर ठेवून हळूहळू नवी शिवण घातली. खाला जवळ बसल्या होत्या, पण त्यांनी यंत्राला हात लावला नाही. पट्टीने मोजले तेव्हा वरपासून खालपर्यंत माया १.५ सेंटिमीटर भरली. भावाने सदरा घातला, हात वर केले आणि तसाच अंगणात पळाला. आईने मात्र त्याला परत बोलावले. सदऱ्याची कड उलटून तिने शिवण पाहिली आणि माझ्याकडे बघून हसली.

दोन वर्षांनी भाऊ वाढला. सदरा पुन्हा घट्ट होऊ लागला. मी बाजूच्या शिवणी उसवल्या आणि काठापासून अर्ध्या सेंटिमीटरवर नव्या घातल्या. प्रत्येक भागात एक सेंटिमीटर कापड मोकळे झाले. दोन शिवणी, चार भाग. छातीचा घेर चार सेंटिमीटरने वाढला. माझ्या भरकटलेल्या शिवणीने एकदा जेवढे हिरावून घेतले होते, तेवढेच त्या लपलेल्या पट्टीने परत दिले. कापडाच्या कडेला ठेवलेल्या त्या जागेला आपल्या भाषेत माया का म्हणतात, हे कोणी न सांगता मला त्या दिवशी समजले.

शब्दार्थ

ऐटीत – तोऱ्याने, मोठेपणाने
उसवणे – शिवणीचे टाके सुटणे किंवा सोडणे
भरकटणे – वाट चुकून भलतीकडे जाणे
धोटा – मागावर आडवा धागा नेणारे साधन
अढी – एकमेकांत अडकलेला वळसा
पदर – (इथे अर्थ) कापडाचा थर
चिंधी – कापडाचा लहान निरुपयोगी तुकडा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शिवणकामात माया कशाला म्हणतात?
(आ) कापड पुढे सरकवण्याचे काम यंत्राचा कोणता भाग करतो?
(इ) यंत्राच्या सुईला छिद्र कुठे असते?

२. कारणे लिहा.
(अ) लेखिकेने शिवलेला सदरा छातीजवळ घट्ट झाला.
(आ) शिवताना सुईकडे न पाहता काठाकडे पाहावे.
(इ) टाचणी सुईजवळ येताच काढून घ्यावी.

३. थोडक्यात उत्तर लिहा.
वर लाल आणि खाली निळा दोरा घालून ताण कसा तपासतात?

४. अस्तर, रफू, जरी, पायजमा हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. कपड्यांसंबंधी असे आणखी चार शब्द शोधून लिहा.

५. जवळ राहून दगा देणाऱ्या माणसाला मराठीत 'अस्तनीतला निखारा' म्हणतात. उर्दूत याच अर्थाने काय म्हणतात ते सांगा. दोन्हींत कोणता शब्द सारखा आहे?

६. उपक्रम : वहीच्या पानावर दोरा न ओवता शिवण घालून पाहा. पहिले आणि पाचवे पान शेजारी ठेवून काय फरक पडला ते पाच वाक्यांत लिहा.